कार्बन डायऑक्साइड वाहूनही रक्ताची आम्लता स्थिर कशी राहते?

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात दर मिनिटाला सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दिवसभराचा हिशेब मांडला तर हे प्रमाण २८० लिटरच्या पुढे जाते आणि चालणे, जिने चढणे, शेतातील वा कारखान्यातील श्रम यांची भर पडली की ते आणखी वाढते. हा वायू पाण्यात विरघळला की कार्बनिक आम्ल तयार होते. सोडावॉटरचा घोट घेताना जिभेला जाणवणारी आंबटसर झणझण याच आम्लाची असते. शुद्ध पाण्यात वातावरणाच्या दाबाइतक्या दाबाने हा वायू मुरवला, तर त्या पाण्याचा सामू सातवरून चारच्या आसपास उतरतो. रक्तातही मुख्यतः पाणीच असते. तरीही शरीरभरातून हा वायू गोळा करून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा सामू ७.४० वरून जेमतेम ७.३७ पर्यंत घसरतो.

अन्नातील प्रथिनांच्या विघटनातून सल्फ्युरिक, फॉस्फोरिक यांसारखी आम्लेही शरीरात तयार होतात आणि ती मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकावी लागतात. त्यांचे प्रमाण दिवसाला ५० ते ७० मिलिमोल इतकेच असते. कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने फुफ्फुसांवाटे बाहेर पडणारे संभाव्य आम्ल मात्र १२ ते १५ मोल, म्हणजे त्याच्या सुमारे दोनशे पट भरते. शरीरातील आम्लाची सर्वांत मोठी वाहतूक लघवीतून नव्हे, तर श्वासातून होते. ही गोष्ट वैद्यकशास्त्राला ठाऊक होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली. तरीही रुग्णाच्या खाटेपाशी तिचा विसर पडल्यास काय होते, याचा एक विदारक धडा १९५२ मध्ये डेन्मार्कच्या राजधानीत मिळाला. तो समजण्यासाठी आधी रक्ताची ही किमया समजून घ्यावी लागते.

सामू म्हणजे काय

आम्लता मोजण्याची सामूची पट्टी डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन पीटर लॉरिट्झ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. कोपनहेगनमधील कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते काम करत होते. द्रावणात मोकळे फिरणारे हायड्रोजनचे धनभारित आयन जितके अधिक, तितके ते द्रावण आम्लधर्मी आणि तितका त्याचा सामू कमी. ही पट्टी साध्या बेरजेची नाही. सामू एकाने घटला, तर हायड्रोजन आयन दहापट होतात.

धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात असतो. ७.४० सामू असलेल्या एक लिटर रक्तात मोकळे हायड्रोजन आयन अवघे ४० नॅनोमोल असतात. त्याच रक्तातील सोडियम त्याच्या सुमारे ३५ लाख पट असते. इतक्या अल्प प्रमाणातील घटकावर शरीराने एवढी कडक नजर ठेवण्याचे कारण प्रथिनांत आहे. प्रथिनांचा आकार त्यांच्यावरील विद्युतभारांवर अवलंबून असतो आणि हायड्रोजनचे आयन चिकटले किंवा सुटले की हे भार बदलतात. आकार बदलला की प्रथिनाचे काम बिघडते. हृदयाच्या स्नायूचे आकुंचन, मज्जातंतूंतील संदेश, पेशींतील ऊर्जानिर्मिती या साऱ्यांवर त्याचा परिणाम होतो. सामू ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला, तर जीव वाचणे अतिशय कठीण होते.

एका सेकंदाचा प्रवास

ऊतींमधून निघालेला कार्बन डायऑक्साइड केशवाहिनीच्या पातळ भिंतीतून सहज रक्तात शिरतो. त्याच्यापुढे तीन वाटा असतात. थोडा वायू रक्तद्रवात तसाच विरघळतो, काही हिमोग्लोबिनच्या प्रथिनसाखळीला जोडला जातो आणि उरलेला मोठा वाटा बायकार्बोनेटच्या रूपात जातो. शालेय पाठ्यपुस्तकांत या तिन्हींचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ७ टक्के, २० ते २५ टक्के आणि ७० टक्के असे दिलेले असते. रक्तातील एकूण साठा मोजायचा की फक्त ऊतींपाशी नव्याने पडलेली भर, यानुसार हे आकडे थोडे बदलतात. मुख्य वाट बायकार्बोनेटची, यात मात्र दुमत नाही.

या वाटेत एक अडचण आहे. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग आपोआप होतो खरा, पण त्याला काही सेकंद लागतात. रक्त केशवाहिनीत थांबते ते जेमतेम सेकंदभर. ही तफावत भरून काढणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, तांबड्या पेशींत खच्चून भरलेले असते. त्याचे नाव कार्बोनिक अनहायड्रेज. १९३० च्या दशकाच्या आरंभी केंब्रिज विद्यापीठातील नॉर्मन मेल्ड्रम आणि फ्रान्सिस रफटन यांनी ते रक्तातून वेगळे केले. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो, हे त्याच दशकाच्या अखेरीस उघड झाले. या विकराचा एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा हा संयोग घडवून आणू शकतो. जीवसृष्टीतील सर्वांत वेगवान विकरांत त्याची गणना होते.

तांबड्या पेशीत शिरलेला वायू या विकराच्या साह्याने क्षणार्धात कार्बनिक आम्ल बनतो आणि हे आम्ल तितक्याच त्वरेने दुभंगते. एका बाजूला ऋणभारित बायकार्बोनेट, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचा धनभारित आयन. बायकार्बोनेट पेशीत साचू दिले, तर पुढची क्रिया मंदावेल. म्हणून ते पेशीच्या आवरणातील एका प्रथिनामार्फत बाहेर रक्तद्रवात सोडले जाते आणि त्याच्या बदल्यात क्लोराइडचा एक आयन आत घेतला जातो. जितका ऋणभार बाहेर गेला, तितकाच आत आला, त्यामुळे विद्युत समतोल ढळत नाही. डच शरीरक्रियाशास्त्रज्ञ हार्टोग हॅम्बर्गर यांचे नाव या अदलाबदलीला दिले जाते. क्लोराइडमागोमाग थोडे पाणीही आत येते, त्यामुळे शिरेतील रक्ताच्या तांबड्या पेशी धमनीतील पेशींपेक्षा किंचित फुगलेल्या असतात.

आता प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्या हायड्रोजन आयनांचा. आम्लता म्हणजे तेच. येथे अनेक ठिकाणी एक सोपे, पण चुकीचे उत्तर दिले जाते. रक्तातील बायकार्बोनेट हे आम्ल शोषून घेते, असे ते उत्तर. बायकार्बोनेटने हायड्रोजन आयन पकडला, तर पुन्हा कार्बनिक आम्ल आणि त्यातून पुन्हा कार्बन डायऑक्साइडच तयार होणार. म्हणजे जेथून सुरुवात झाली तेथेच परत. कार्बन डायऑक्साइडपासून आलेले आम्ल बायकार्बोनेटला आवरता येत नाही. ते आवरतो दुसराच कुणी, आणि तो आपल्याला केवळ प्राणवायूचा वाहक म्हणून परिचित आहे.

हिमोग्लोबिनचे दुसरे काम

हिमोग्लोबिनच्या रेणूत हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल अनेक ठिकाणी असते. रक्ताच्या नेहमीच्या सामूला हायड्रोजन आयन पकडणे वा सोडणे हा त्याचा गुणच आहे. रक्तात हिमोग्लोबिनही भरपूर असते, एका लिटरमध्ये सुमारे १५० ग्रॅम. पण खरे मर्म वेगळेच आहे. प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन यांचा स्वभाव सारखा नसतो. प्राणवायू सुटला की रेणूची घडण बदलते आणि तो हायड्रोजन आयनांना अधिक आवडीने धरून ठेवतो. ऊतींपाशी नेमके हेच घडत असते. तेथे हिमोग्लोबिन प्राणवायू देऊन टाकते आणि त्याच क्षणी, त्याच पेशीत, कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार होत असते. एक ओझे उतरले की दुसरे उचलायला हात मोकळे होतात. प्राणवायूचा प्रत्येक रेणू सुटताना हिमोग्लोबिन सरासरी अर्धा किंवा त्याहून थोडा अधिक हायड्रोजन आयन सामावून घेते, आणि तेवढ्या आम्लापुरता सामू जराही हलत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. शरीरातील एका फेरीत प्रत्येक लिटर रक्तात एक मिलिमोलहून अधिक, म्हणजे दहा लाख नॅनोमोलहून अधिक हायड्रोजन आयन तयार होतात. सामूतील ७.४० ते ७.३७ ही घसरण लक्षात घेतली, तर त्यांपैकी अखेर मोकळे राहतात सुमारे तीन नॅनोमोल.

फुफ्फुसात हीच साखळी उलट फिरते. प्राणवायू जोडला गेला की हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि हायड्रोजन आयन सुटतात. ते रक्तद्रवातून परत आलेल्या बायकार्बोनेटला भेटतात, तेच विकर आता त्यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनवते, क्लोराइड बाहेर पडते आणि वायू उच्छ्वासावाटे निघून जातो. प्राणवायूच्या येण्याजाण्याने कार्बन डायऑक्साइडची वाहतूक बदलते, हे १९१४ मध्ये योहान ख्रिश्चनसन, क्लॉड डग्लस आणि जॉन स्कॉट हाल्डेन यांनी ऑक्सफर्डमध्ये दाखवून दिले. नाव प्रचलित झाले ते एकट्या हाल्डेन यांचे. ख्रिश्चनसन या डॅनिश महिला वैद्यक संशोधक होत्या आणि शोधनिबंधात त्यांचे नाव पहिले होते, ही बाब सहसा सांगितली जात नाही. याची दुसरी बाजू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडते ही गोष्ट, त्याआधी दहा वर्षे कोपनहेगनमध्ये ख्रिश्चन बोर, कार्ल हॅसलबाल्ख आणि ऑगस्ट क्रोग यांनी सिद्ध केली होती.

वीसास एक

हिमोग्लोबिन आम्ल तात्पुरते सांभाळते. कायमचा समतोल मात्र एका गुणोत्तरावर उभा असतो. धमनीतील रक्तात दर लिटरला बायकार्बोनेट सुमारे २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल असतो. म्हणजे वीसास एक. हार्वर्ड विद्यापीठातील लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये हा संबंध मांडला आणि पुढे १९१६ मध्ये हॅसलबाल्ख यांनी त्याला सामूच्या भाषेत बसवले. त्या समीकरणाचे सार इतकेच, की सामू बायकार्बोनेटच्या एकट्या आकड्यावर ठरत नाही आणि कार्बन डायऑक्साइडच्या एकट्या आकड्यावरही ठरत नाही. ठरतो तो दोहोंच्या गुणोत्तरावर.

निव्वळ रसायनशास्त्राच्या कसोटीवर ही जोडी फारशी कर्तबगार नाही. बंद बाटलीत ती ६.१ च्या आसपासच्या सामूला उत्तम काम करते, ७.४ ला नाही. शरीराने ती कामाला लावली आहे, कारण शरीर बंद बाटली नाही. गुणोत्तरातील खालचा आकडा फुफ्फुसांच्या हाती आहे आणि तो काही मिनिटांत बदलता येतो. वरचा आकडा मूत्रपिंडांच्या हाती आहे, त्यांना मात्र तासांऐवजी दिवस लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातील पेशींना कार्बन डायऑक्साइडमधील लहानशी वाढही जाणवते आणि श्वास आपोआप खोल होतो. श्वास रोखून धरल्यावर काही वेळाने जी असह्य ओढ लागते, ती प्रामुख्याने प्राणवायू कमी झाल्याची नसते, तर कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते.

ऑक्सफर्डच्या हाल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२० च्या दशकात हे स्वतःवर तपासून पाहिले. रक्त आम्लधर्मी करण्यासाठी त्यांनी अमोनियम क्लोराइडचे द्रावण प्राशन केले आणि त्यांना धाप लागली. विरुद्ध परिणाम पाहण्यासाठी त्यांनी खाण्याचा सोडाही मोठ्या प्रमाणात घेतला. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले, त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.

कोपनहेगन, १९५२

सोरेन्सन, बोर, हॅसलबाल्ख, क्रोग हे सारे कोपनहेगनचे. आम्लता आणि श्वसन यांचे नाते जगात सर्वांत आधी ज्या शहराला उमगले, त्याच शहरात १९५२ च्या उन्हाळ्यात पोलिओची भीषण साथ पसरली. भारतात वन्य विषाणूमुळे झालेला पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यामुळे आजच्या पिढीला पोलिओ म्हणजे पायाचे अपंगत्व एवढेच माहीत असते. विषाणू मेंदूच्या तळाशी पोहोचला, तर गिळण्याची आणि श्वासाची शक्तीही जाते. साथ ऐन भरात असताना शहरातील ब्लेगडॅम रुग्णालयात दिवसाला ५० पर्यंत रुग्ण दाखल होत होते. श्वास चालवण्यासाठी रुग्णालयापाशी एक लोखंडी फुफ्फुस, म्हणजे रुग्णाला आत झोपवण्याचे पेटीसारखे यंत्र, आणि छातीवर बसवायची सहा कवचयंत्रे होती. या साधनांवर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

रुग्णांना प्राणवायू दिला जात होता, त्यामुळे त्यांचे ओठ निळे पडत नव्हते. त्यांना दरदरून घाम येई, रक्तदाब चढे, मग शुद्ध हरपे. तपासणीत रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, खूप वाढलेले दिसे. बायकार्बोनेट हे आम्लारी. तेव्हा रक्त प्रमाणाबाहेर आम्लारिधर्मी झाले आहे, असा निष्कर्ष काढला गेला. असे का व्हावे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. रोगाने मेंदूचाच घास घेतला असून उपाय उरलेला नाही, अशी समजूत घट्ट होत चालली.

रुग्णालयातील डॉक्टर मोगेन्स ब्योर्नेबो यांच्या आग्रहावरून विभागप्रमुख हेन्री लासेन यांनी ऑगस्टच्या अखेरीस ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रियागृहाबाहेर रुग्णोपचारात मत द्यावे, ही त्या काळी नेहमीची गोष्ट नव्हती. इब्सेन यांनी मृत रुग्णांच्या शवविच्छेदनाचे अहवाल पाहिले. काहींची फुफ्फुसे मृत्यूचे कारण ठरावे इतकी बिघडलेली नव्हती. त्यांनी तोच आकडा उलट वाचला. हे रुग्ण पुरेसा श्वास सोडत नाहीत, कार्बन डायऑक्साइड आत साचतो आहे आणि वाढलेले बायकार्बोनेट त्या साचण्याचाच परिणाम आहे. म्हणजे रक्त आम्लारिधर्मी नसून जीवघेणे आम्लधर्मी झाले आहे.

गुणोत्तराचे गणित मांडले की हा घोटाळा स्पष्ट होतो. समजा, श्वास अपुरा पडल्यामुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.२ वरून २.४ मिलिमोलवर गेला. त्याच्यापासून तयार होणारे आम्ल हिमोग्लोबिन शोषून घेते आणि मागे बायकार्बोनेट उरते, ते २४ वरून २८ च्या आसपास जाते. केवळ २८ हा आकडा पाहणाऱ्याला आम्लारी वाढल्याचे दिसेल. पण गुणोत्तर वीसावरून बारापेक्षाही खाली आले आणि सामू ७.१७ पर्यंत कोसळला. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पाउल आस्ट्रप यांनी प्रत्यक्ष सामू मोजला, तेव्हा तो खरोखरच कमी भरला.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी मरणाच्या दारात असलेल्या एका १२ वर्षांच्या मुलीवर इब्सेन यांनी आपले म्हणणे सिद्ध करून दाखवले. तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली. ती धडपडत होती, हवा आत जाईना. अखेर इब्सेन यांनी तिला भुलीचे औषध दिले, तिची धडपड थांबली आणि रबरी फुग्याने हाताने दाबून हवा आतबाहेर करणे शक्य झाले. साचलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ लागला तशी तिची प्रकृती सावरली. तिला पुन्हा कवचयंत्रावर ठेवले, तेव्हा प्राणवायू पुरेसा असूनही कार्बन डायऑक्साइड पुन्हा साचला. हाताने हवा देणे सुरू करताच तो पुन्हा उतरला. ती मुलगी वाचली.

यंत्रे नव्हती, म्हणून माणसे उभी राहिली. वैद्यक आणि दंतवैद्यक शाखांच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस रुग्णांच्या उशाशी बसून फुगे दाबले. एके वेळी ७० पर्यंत रुग्ण अशा हातांवर जगत होते. एकूण तास भरले सुमारे १ लाख ६५ हजार. श्वास बंद पडलेल्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून काही महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांवर आले. पुढच्या वर्षी इब्सेन यांनी कोपनहेगनमध्ये गंभीर रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि आजच्या अतिदक्षता विभागांची परंपरा तेथून मोजली जाते. आस्ट्रप यांनी रक्ताची आम्लता जलद मोजण्याची पद्धत विकसित केली, त्याच दशकात अमेरिकेत कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा इलेक्ट्रोड आला. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन काही मिनिटांत सामू, प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट सांगणारी आजची एबीजी चाचणी या धडपडीतून आली आहे.

बोटावरचा आकडा काय सांगत नाही

कोविड साथीच्या काळात भारतातील असंख्य घरांत ऑक्सिमीटर आला आणि बोटावरील आकडा हाच श्वसनाचा निकाल, अशी समजूत रुजली. हे यंत्र हिमोग्लोबिनला किती प्राणवायू चिकटला आहे, एवढेच सांगते. कार्बन डायऑक्साइड किती साचला आहे, याचा त्यावरून थांग लागत नाही. ब्लेगडॅममधील रुग्णांचे ओठ निळे नव्हते, तशीच ही गोष्ट आहे. बाहेरून प्राणवायू मिळत असेल, तर आकडा समाधानकारक दिसत असतानाही श्वास अपुरा असू शकतो.

हा धोका मुख्यतः सीओपीडी या दीर्घकालीन फुफ्फुसविकाराच्या रुग्णांना असतो. विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर ही त्याची आपल्याकडील ठळक कारणे. यातील काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमच चढा असतो आणि मूत्रपिंडांनी बायकार्बोनेट वाढवून गुणोत्तर कसेबसे सावरलेले असते. त्यांना गरजेपेक्षा जास्त प्राणवायू दिला, तर फुफ्फुसांच्या निकामी भागांकडेही रक्त वळते. शिवाय प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड सोडून देते. १९१४ मध्ये सापडलेला तोच परिणाम येथे रुग्णाच्या विरोधात जातो. कार्बन डायऑक्साइड चढतो, गुंगी येते आणि घरच्यांना वाटते की रुग्णाला शांत झोप लागली. अशा रुग्णांसाठी प्राणवायूची पातळी ८८ ते ९२ टक्के राखावी, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घरी कॉन्सन्ट्रेटर वापरणाऱ्यांनी आकडा ९९ वर नेण्यासाठी स्वतःहून प्रवाह वाढवणे म्हणूनच घातक ठरू शकते. याचा अर्थ प्राणवायू बंद करावा असा मुळीच नाही. त्याचा अभाव अधिक वेगाने जीव घेतो.

याच्या नेमके उलट चित्र मधुमेहात दिसते. इन्सुलिनचा तीव्र अभाव झाला की रक्तात कीटोन आम्ले साचतात आणि त्यांना आवरताना बायकार्बोनेट खर्ची पडते. गुणोत्तराचा वरचा आकडा घसरला, म्हणून शरीर खालचा आकडा घटवण्यासाठी खोल, जोरकस श्वास घेऊ लागते. जर्मन वैद्य अडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ मध्ये या श्वासाचे वर्णन केले. फुफ्फुसे निरोगी असतात, ऑक्सिमीटरवरील आकडाही चांगला असतो, आणि तरी मूल धापा टाकत असते. अशा वेळी दमा समजून वाफ देण्यात मोलाचे तास जाऊ शकतात. रक्तातील साखर तपासली, तर निदान काही क्षणांत होते.

ज्याला रक्ताचा सामू राखण्यासाठी विकत काही घ्यावेसे वाटते, त्याच्यासाठी बाजारात ‘अल्कलाइन’ पाण्याच्या बाटल्या आहेत. ते पाणी जठरात पोहोचताच तेथील तीव्र आम्लात त्याची आम्लारिता संपते आणि काही उरलेच, तर ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. वर वर्णन केलेल्या यंत्रणेला त्याची गरज नाही.

समुद्रसपाटीवरून थेट लेहला

महाराष्ट्रातून दरवर्षी लडाखला जाणाऱ्या पर्यटकांच्या पिशवीत डायमॉक्स नावाची गोळी असते. तिच्यातील असिटाझोलामाइड हे औषध ज्या विकराला रोखते, ते म्हणजे तांबड्या पेशींतील तेच कार्बोनिक अनहायड्रेज. मग ही गोळी घेतल्यावर कार्बन डायऑक्साइडची वाहतूक ठप्प का होत नाही? तांबड्या पेशींत हे विकर गरजेपेक्षा इतके अधिक असते, की नेहमीच्या मात्रेने त्यांच्या कामात फारशी बाधा येत नाही. परिणाम होतो तो मूत्रपिंडांवर.

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून प्राणवायूही कमी. शरीर जलद श्वास घेऊ पाहते, पण जलद श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइडही अधिक बाहेर पडतो, रक्त आम्लारिधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत हा लगाम अधिक जाणवतो. श्वास मध्येच थांबतो, दचकून जाग येते. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून गुणोत्तर पुन्हा जुळवतात, मात्र त्यांना दोन-तीन दिवस तरी लागतात. विमानाने मुंबई-पुण्याहून काही तासांत तेथे उतरणाऱ्याला डोकेदुखी आणि मळमळ ग्रासते ती बहुधा याच दरम्यान. मूत्रपिंडांतील विकर रोखले गेले की बायकार्बोनेट परत शोषले जात नाही आणि लघवीतून निघून जाते. रक्त किंचित आम्लधर्मी होते आणि श्वासावरचा लगाम सुटतो. वारंवार लघवीला होणे आणि बोटांना मुंग्या येणे हे या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत. सोडा किंवा शीतपेय बेचव लागते, तेही याच गोळीमुळे, कारण जिभेवरही हेच विकर असते आणि बुडबुड्यांतील कार्बन डायऑक्साइडची झणझण त्याच्याशिवाय जाणवत नाही. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेण्यासारखी नाही. उंचावरून परतल्यानंतर श्वास हळूहळू पूर्वीसारखा होतो, मूत्रपिंडे बायकार्बोनेट पुन्हा साठवू लागतात आणि काही दिवसांत गुणोत्तरातील दोन्ही आकडे २४ आणि १.२ च्या आसपास येऊन स्थिरावतात.